ले-आउटमधला रस्ता कोणाचा?

विदर्भात 'ले-आउट' हा शब्द आता परका राहिलेला नाही. 'अमक्या ले-आउटमध्ये राहतो' असे सांगताना त्याचा मूळ अर्थ कोणाच्या मनात येत नाही. ले-आउट म्हणजे कागदावर आखलेली भूखंडांची आणि रस्त्यांची मांडणी. गोंदिया शहराच्या कडेने वाढलेल्या काही वस्त्यांत तो मूळ अर्थ मात्र अजून शाबूत आहे. भूखंड विकले गेले, घरे उभी राहिली. रस्ता तेवढा कागदावरच राहिला.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. कुडवा, फुलचूर अशा गावांच्या दिशेने शहर सरकत गेले ते धानाच्या बांध्यांवरूनच. बांधी ही मुळात पाणी धरून ठेवण्यासाठी घडवलेली जमीन. मालक बदलला म्हणून ती आपला स्वभाव सोडत नाही. आषाढात मुरमाचा पातळ थर चिखलात नाहीसा होतो आणि रहिवासी अर्ज घेऊन निघतात. अशा वेळी मिळणारे उत्तर ठरलेले असते : रस्ता हस्तांतरित झालेला नाही, ले-आउट पाडणाऱ्याकडे जा. तो तर शेवटचा भूखंड विकून केव्हाच मोकळा झालेला असतो.

खरे तर हा वाद एका विशेषणाचा आहे. नगरपरिषदांविषयीच्या १९६५ च्या अधिनियमातील कलम ४९ प्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणे व त्यांची निगा राखणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य आहे. बचावाची सारी भिंत 'सार्वजनिक' या शब्दावर उभी राहते. सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव, म्हणून रस्ता खासगी. पण मालमत्ता कराचे देयक त्याच चिखलातून दारापर्यंत येते. कर घेताना वस्ती शहराची आणि रस्ता मागताना ती परक्याची, हा न्याय कोणता?

दुसरी बाजूही अगदीच पोकळ नाही. एकाने नफा कमवावा आणि रस्त्याचा खर्च साऱ्या गावाने सोसावा, हे अन्याय्यच आहे. शिवाय भूखंड स्वस्त मिळाला तो रस्ता नव्हता म्हणूनच, असेही म्हटले जाते. हा युक्तिवाद जुना आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने उघड्या गटारांच्या प्रकरणात तो केला होता : लोक परिस्थिती ठाऊक असूनच तिथे राहायला गेले. जोडीला पैसे नसल्याची सबब होतीच. १९८० मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने ती सबब नाकारली आणि काम करण्याचा आदेश कायम ठेवला. तो खटला रस्त्याचा नव्हता. पण रहिवाशाची अगतिकता ही प्रशासनाची सुटका ठरू शकत नाही, हे त्यातले तत्त्व इथेही लागू पडते.

भूखंडधारक हा गुन्हेगार नव्हे, हे शासनानेही मान्य केलेले आहे. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यातूनच आला. नागपुरात तर '५७२' आणि '१९०० ले-आउट' हे आकडेच वस्त्यांची ओळख बनले. नियमितीकरणासाठी रहिवाशाने विकासशुल्क भरायचे. म्हणजे रस्त्याची किंमत एकदा भूखंडाच्या दरात मोजायची आणि पुन्हा शुल्कात. दोनदा पैसे देणाऱ्याला तिसऱ्यांदा 'तुम्ही आपसांत वर्गणी काढा' असे कोणत्या तोंडाने सांगावे?

माझे मत सरळ आहे. रस्ता आधी स्थानिक संस्थेने करावा आणि त्याचा खर्च ले-आउट पाडणाऱ्याकडून तिनेच वसूल करावा. मंजुरीचे कागद, नोटीस देण्याचा अधिकार आणि वकील तिच्यापाशी आहेत. भूखंडधारकापाशी फक्त खरेदीखत आहे. पुढच्या ले-आउटांसाठी तर याहून सोपा मार्ग आहे : रस्ते आणि नाल्या पूर्ण होईपर्यंत काही भूखंड गहाण ठेवून घ्यावेत. मंजुरीची सही करणाऱ्याने तेवढी काळजी घेतली नसेल, तर त्या चुकीचा दंड शाळेत चिखल तुडवत जाणाऱ्या मुलांनी का भरावा?