मेळाव्याला बोलवायचे कोणाला?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे आपल्या मंडळींची सुगी. 2 ते 8 तारखेपर्यंत वन्यजीव सप्ताह, त्याला जोडून शाळांतली व्याख्याने, छायाचित्रांची प्रदर्शने, एखादी सायकलफेरी आणि शेवटी जिल्ह्याच्या गावी निसर्गमित्रांचा मेळावा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मानचिन्हे, चार ठराव आणि जेवण. सूर थट्टेचा लागला खरा, पण हे मेळावे फुकट असतात असे आम्ही म्हणणार नाही. 1981 मध्ये लोणावळ्यात पक्षिमित्रांचे पहिले राज्य संमेलन भरले. तेव्हापासून गावोगावी पक्षी पाहणारी आणि नोंदी ठेवणारी माणसे घडली, ती अशाच एकत्र येण्यातून. आमची शंका निमंत्रितांच्या यादीबद्दल आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात वन्यजीवांच्या हितचिंतकांचा मेळावा भरवायचा तर बोलवायचे कोणाला?

या जिल्ह्यातले राखीव क्षेत्र तसे मोजकेच. अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड. कर्जत तालुक्यात रेहेकुरी, काळविटांसाठी 1980 मध्ये राखलेले, अवघ्या 2.17 चौरस किलोमीटरचे. आणि माळढोकाच्या नावाने आखलेले अभयारण्य. उरलेला सगळा मुलूख ऊस, कांदा, डाळिंब आणि माळरानाचा. जनावरे मात्र या उरलेल्या मुलखातच जास्त. काळवीट ज्वारीत उतरतात, लांडगा मेंढरांच्या मागे असतो आणि बिबट्याने तर उसाच्या फडातच संसार थाटला आहे.

हा संसार आपोआप उभा राहिला नाही. 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. खालचा सारा पट्टा हिरवा झाला. माणसाने भर दुष्काळी मुलखात बारमाही आडोसा आणि पाणी तयार केले, वस्तीवर कुत्री पाळली. बिबट्याला याहून अधिक काही लागत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावले, तेव्हा 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तेवढीच तरसे निघाली. तीही दर चौरस किलोमीटरला 300हून अधिक माणसे राहतात अशा भागात. विष्ठेच्या अभ्यासातून बिबट्याचा आहार कळला. पोटात गेलेल्या भक्ष्याच्या वजनात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के, आणि सगळी पाळीव जनावरे धरली तर 87 टक्के.

वाचकांपैकी बहुतेकांना हे आकडे पाठ असतील. जुन्नर वनविभागातला धडाही पाठ असेल. तिथे बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा धडाका सुरू झाला. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. या वाढीचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या प्रत्येक परिसंवादात त्याचा उल्लेख झाला, टाळ्या पडल्या, चहा झाला. वस्तीवर तो किती वेळा पोचला? 2025च्या नोव्हेंबरात कोपरगाव तालुक्यात काही दिवसांच्या अंतराने एक लहान मुलगी आणि एक वयस्कर महिला बिबट्याच्या हल्ल्यात गेली. लोकांनी महामार्ग अडवला. मागणी तीच: पिंजरे लावा, बिबटे उचला, नाहीतर मारा. त्या जमावापुढे उभे राहून जुन्नरचे आकडे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना होता. बाकीचे तिथे त्याआधी कधी गेलेच नव्हते. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याच्यापुढे सरासरी मांडता येत नाही. ती आधी, शांततेच्या दिवसांत, ओट्यावर बसून मांडावी लागते.

या जिल्ह्यात आणखी एक मेळावा दरवर्षी भरतो, आपल्या पत्रिकेविना. आश्विन वद्य द्वादशीला बाकी महाराष्ट्र वसुबारस करतो, तेव्हा अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळी आणि ठाकर वाघबारस करतात. गुराखी वाघोबाच्या ठाण्यापाशी जमतात, शेंदूर लावतात, नैवेद्य दाखवतात. पोरांतला कोणी वाघ होतो, कोणी अस्वल, कोणी कोल्हा. त्याला शिवारात येणार का म्हणून दटावून विचारतात आणि पिटाळून लावतात. शेंदूर लावला म्हणून बिबट्या शेळी सोडत नाही, हे त्या गुराख्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. पण शेजारी कोण राहतो, त्याने कुठवर यावे आणि आपण कुठे सावध राहावे याची उजळणी वर्षातून एकदा सगळ्या वाडीसमोर होते. आपल्या एकाही ठरावाने एवढे साधलेले नाही. (हे वाचून कोणी वाघबारशीच्या सहली काढू नयेत. भंडारदऱ्याला काजव्यांच्या नावाखाली गाड्यांच्या दिव्यांची जी जत्रा भरते, तेवढी पुरे.)

लोकांना वगळून केलेल्या संरक्षणाचे काय होते, तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले ते तब्बल 8,496 चौरस किलोमीटरचे, सोलापूर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरलेले. त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. एका पक्ष्यापायी आपली जमीन अडकली, अशी कर्जत-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याची समजूत झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले, पण तोवर माळढोकाचे नाव गावात शिवीसारखे घेतले जात होते. आज पक्षीही जवळपास दिसेनासा झाला आहे.

भरपाईची रक्कम वाढली, हे मान्य. माणूस दगावला तर आज 25 लाख रुपये मिळतात. पण लांडगा कोकरू उचलून घेऊन जातो तेव्हा मागे काही उरत नाही, मग पंचनामा कशाचा? शिवाय मेंढपाळाचा वाडा दोन दिवसांत पुढच्या गावी हललेला असतो. तो कार्यालयाच्या खेपा घालत बसत नाही. तरीही तो सहसा विष घालत नाही. या माणसाला आजवर कुठल्या मेळाव्यात मानचिन्ह दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्याला त्याची गरजही नाही. खुर्ची मात्र द्यायला हवी, आणि माईकही.

तेव्हा आमची सूचना अशी. यंदाचा मेळावा जिल्ह्याच्या गावी, सभागृहात नको. तो गळीत हंगाम सुरू होण्याआधी संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याच्या आवारात भरू द्या. कारखान्याचा शेतकी अधिकारी, ऊसतोडीचे मुकादम, महावितरणचा अभियंता, पोलीस पाटील, आसपास वाडा टाकलेले धनगर आणि वनरक्षक यांना पहिल्या रांगेत बसवा. आपण मागे बसू. बोलायचे विषय उघड आहेत: तोडणी कामगारांच्या कोप्या उसाला चिकटून कशाला हव्यात, तिथे दिवा आणि शौचालय कोण देणार, आईबाप फडात असताना पोरे कोणाच्या नजरेखाली राहणार. रात्रीच पाणी धरण्याची सक्ती कधी संपणार. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणे कोण थांबवणार. फडात पिल्ले सापडली तर त्यांच्याभोवती गर्दी न करता वनखात्याला कळवायचे आणि रात्री आईला ती नेऊ द्यायची, एवढे प्रत्येक टोळीला तोडणीआधी सांगितले गेले पाहिजे. यातल्या एकाही कामाला दुर्बीण लागत नाही.

आपल्या भागातल्या कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची भेट या महिन्यातच घ्या. काय ठरले, कोणी दार लावून घेतले, कोणी साथ दिली, ते आम्हाला लिहून पाठवा. जानेवारीच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.