नाव आपलं, जबाबदारीही आपलीच

परवा माझी भाची आली ती चेहरा पाडूनच. पीएच.डी. करतेय ती. शिक्षण सगळं मराठीतून झालेलं, आणि शोधनिबंध मात्र इंग्रजीत हवा. प्रयोग तिचे, आकडे तिचे. फक्त इंग्रजी सुधारायला तिने चॅटजीपीटीची मदत घेतली. आता नियतकालिकाच्या फॉर्मवर प्रश्न आलाय, 'एआय वापरलं का?'

"मावशी, हो लिहिलं तर सगळं त्यानेच लिहिलं असं वाटेल गं त्यांना!"

मग दोघींनी बसून नियम वाचले. 'नेचर'ने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय, की एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही. वापर केला असेल तर तो निबंधात नमूद करा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही त्याच वर्षी कारण दिलं: मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी यंत्र घेऊ शकत नाही. काही प्रकाशक तर नुसतं व्याकरण सुधारलं असेल तर सांगायलाही लावत नाहीत. प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून ते आधी वाचावेत हे बरं.

मैत्रिणींनो, मला हे पटलं. बचत गटाच्या लोणच्याचा मसाला मिक्सरच वाटतो, पण बरणीवर नाव गटाचं असतं. लोणचं नासलं तर गिऱ्हाईक मिक्सरला जाब विचारत नाही, आपल्यालाच विचारतं.

मात्र नुसतं 'वापरलं' म्हणून सुटका नाही हं! फेब्रुवारी २०२४ मध्ये एका परदेशी नियतकालिकाला उंदराच्या विचित्र चित्रांमुळे अख्खा निबंध मागे घ्यावा लागला. चित्रं एआयने काढल्याचं लेखकांनी आधीच लिहिलं होतं. पण ती बरोबर आहेत का, हे तपासायला नको? हे यंत्र तर अस्तित्वात नसलेली पुस्तकंही बिनधास्त संदर्भ म्हणून देतं.

गावाकडच्या मुलींना इंग्रजीपायी मागे राहावं लागतं, तिथे ही मदत जरूर घ्यावी. त्यात लाज कसली? लपवाछपवी केली, की मात्र स्वतःच्या कष्टावरही संशय ओढवतो.

भाचीने शेवटी फॉर्मवर लिहिलं, 'होय, भाषा सुधारण्यासाठी.' मग चष्मा पुसला आणि एकेक संदर्भ पुन्हा तपासायला बसली. चहा दोनदा गार झाला, पण चेहरा मात्र खुलला होता.