सुधाकराला डॉक्टर हवा होता

राम गणेश गडकरी आपल्या नागपूरजवळ सावनेरला २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले ते त्यानंतर. इंग्लंडात क्रुकशँकने १८४७ मध्ये ‘द बॉटल’च्या आठ चित्रांत दारूने उद्ध्वस्त झालेले कुटुंब दाखवले होते, मला मात्र दळण दळणारी सिंधू अधिक खरी वाटते.

पण एक खटकते. सुधाकर दारू सोडतो, पुन्हा धरतो, आणि आपण त्याला मनाचा दुबळा म्हणून मोकळे होतो. मेंदूच्या पेशी अल्कोहोलला सरावल्या, की ते एकाएकी बंद होताच हात थरथरतात, कधी झटकेही येतात. तिथे नुसती शपथ काय करणार? घरात कोणी असा असेल, तर दोष तुमचा नव्हे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात यावर उपचार होतात, मोठ्यांना सांगा.