कॉपी मशीनपुढची दोन माणसे

एखादी वस्तू वापरताना माणसे कुठे अडतात, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासाला वापरकर्ता-अनुभव संशोधन म्हणतात. त्याचे निष्कर्ष बहुधा तक्त्यांत मांडले जातात. अभियंते आणि व्यवस्थापक ते पाहतात, मान डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. तेच निष्कर्ष गोष्टीतून आले की अडलेला माणूस समोर उभा राहतो आणि त्याला टाळणे कठीण होते. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात हे फार ठळकपणे दिसून आले.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्सचे एक नवे, अनेक कामे करणारे कॉपी मशीन वापरायला अवघड असल्याच्या तक्रारी येत होत्या. मानववंशशास्त्रज्ञ ल्यूसी सचमन यांनी ते मशीन केंद्रात बसवून घेतले, सहकाऱ्यांना त्यावर काम करायला सांगितले आणि चित्रीकरण केले. एका चित्रफितीत दोन माणसे पाठपोट प्रती काढताना हैराण झालेली दिसतात. त्यांतले एक होते कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, १९७५चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले ॲलन न्यूएल. दुसरे संगणकीय भाषाविज्ञानातील अभ्यासक रॉन कॅप्लन. ‘लोक सूचना नीट वाचत नाहीत’ हे नेहमीचे उत्तर या दोघांपुढे टिकणे शक्यच नव्हते. कोणत्याही आकडेवारीला हे काम इतक्या थोड्या वेळात साधले नसते.

सचमन यांच्या त्यानंतरच्या अभ्यासाचे मोल याहून अधिक आहे. त्यात मशीनला संगणकीय मदतप्रणाली जोडलेली होती. माणसे जोडीने काम करत, त्यामुळे मनातले विचार आपोआप बोलण्यात येत. या नोंदी सचमन यांनी चार रकान्यांत मांडल्या: माणसांचे जे बोलणे-वागणे मशीनला कळत नव्हते ते, जे कळत होते ते, मशीनने माणसांना दाखवलेले, आणि त्यामागचा रचनाकाराचा हेतू. मशीनला कळे ते फक्त बटण दाबल्याचे, झाकण उघडल्याचे. शेजारी चाललेला ‘आता काय करायचं?’ हा खल त्याच्यापर्यंत पोचतच नसे. ओळीने वाचत गेले की गैरसमज नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला ते सापडते. ही दोन बाजूंनी सांगितलेली एकच गोष्ट आहे आणि ती पुराव्याला धरून चालते. १९८७मध्ये हा अभ्यास ‘प्लॅन्स अँड सिच्युएटेड ॲक्शन्स’ या पुस्तकात प्रसिद्ध झाला.

पुढे मात्र एक सोपी दंतकथा पसरली: या संशोधनामुळे मशीनला मोठे हिरवे बटण मिळाले आणि सारे सुलभ झाले. सचमन यांनी स्वतः ती खोडून काढली. हिरवे बटण आधीपासूनच होते. जाहिरातीत त्याच्याच आधारे मशीन सोपे असल्याची ग्वाही दिली जात होती. नवे, गुंतागुंतीचे यंत्र ओळखीचे व्हायला श्रम लागतात आणि ते बटण हे श्रम झाकते, असे त्यांचे म्हणणे होते. सुखद शेवटाच्या ओढीने निष्कर्षच उलटा झाला.

म्हणून संशोधनातली गोष्ट सांगताना काही बंधने पाळावीच लागतात. बोलणे नोंदले तसेच ठेवावे, घटनांचा क्रम बदलू नये. अनेकांचे अनुभव एका पात्रात एकत्र केले असतील तर तसे स्पष्ट सांगावे. सॉफ्टवेअर रचनाकार ॲलन कूपर यांच्या १९९९च्या पुस्तकानंतर अशी प्रातिनिधिक पात्रे रचण्याची पद्धत सर्वदूर गेली. प्रत्यक्ष मुलाखतींतून घडलेले पात्र उपयोगी पडते. बैठकीच्या खोलीत बसून वय, छंद आणि आवडीनिवडी चिकटवलेले पात्र रचनाकारांच्या समजुतीच त्यांना परत ऐकवते. आठ जणांशी बोलून टक्केवारी काढू नये; ‘आठांपैकी पाच जण इथे अडले’ एवढे पुरते. चित्रफीत दाखवायची तर सहभागी व्यक्तीची संमती हवी, लेखी अहवालात नाव आणि ओळख पटणारे तपशील गाळलेले हवेत. मूळ नोंदीही जपून ठेवाव्यात, म्हणजे कुणाला शंका आली तर गोष्टीतला प्रसंग त्यांच्याशी ताडून पाहता येतो.