बदल करणाराच बदलाचा न्यायाधीश कसा?

३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनची दोन पाती तुटली. हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. हातात बॅटऱ्या घेऊन कर्मचारी अणुभट्टीच्या माथ्यावर चढले आणि त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण आत सोडले. किरणोत्सर्ग बाहेर पसरला नाही. पण हे श्रेय त्या कर्मचाऱ्यांच्या धैर्याचे आहे, व्यवस्थेच्या दक्षतेचे नव्हे.

कारण इशारा आधीच मिळाला होता. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पुढे जाहीरपणे लिहिले की, अशा पात्यांच्या रचनेतील दोष जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९८९ मध्येच टर्बाइन बनवणाऱ्या भेलला कळवला होता. भेलने सुधारित आराखडेही तयार केले. अणुवीज महामंडळाने मात्र अपघात होईपर्यंत काहीच केले नाही. यंत्र बदलायचे की नाही, हे यंत्र चालवणाऱ्यावरच सोडले होते.

आता उलट उदाहरण पाहा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन ओनोफ्रे केंद्रात २००९ ते २०११ या काळात नवी बाष्पजनित्रे बसवली. आतल्या नळ्यांची संख्या वाढली, रचना बदलली. तरीही हे 'जुन्यासारखेच नवे' आहे, यासाठी परवान्यात दुरुस्ती नको, असे कंपनीने स्वतःच ठरवले. तिथला नियमच तसा आहे. ३१ जानेवारी २०१२ रोजी एक नळी गळली. नळ्या एकमेकींवर घासून झिजल्याचे उघड झाले आणि जून २०१३ मध्ये केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. पुढे २०१४ मध्ये तिथल्या नियामक आयोगाच्याच महानिरीक्षकांनी आयोगाच्या देखरेखीतील उणिवांवर बोट ठेवले.

एका ठिकाणी आवश्यक बदल केला नाही, दुसऱ्या ठिकाणी केलेला बदल नीट तपासला नाही. रोग एकच. स्वतःच्या खटल्यात कोणीही न्यायाधीश होऊ शकत नाही, हे न्यायाचे साधे तत्त्व दोन्हीकडे पायदळी तुडवले गेले.

आपल्या देशात तर नियामक मंडळच १९८३ मध्ये सरकारी आदेशाने जन्माला आले. ते उत्तरदायी होते अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष असतो अणुऊर्जा खात्याचाच सचिव! २०१२ मध्ये महालेखापालांनी यावर ताशेरे ओढले. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, त्याचे आम्ही स्वागत करतो. पण त्याच कायद्याने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आणि सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचा २०१० च्या कायद्यातला हक्क काढून घेतला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले!

हा केवळ इंजिनिअरांचा विषय आहे काय? पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. इतक्या जुन्या केंद्रात दुरुस्ती आणि बदल आलेच. दुरुस्तीच्या काळात साफसफाई आणि ओझी वाहण्याची कामे कंत्राटी मजुराच्या वाट्याला येतात. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि विजेचे नियोजनही त्याच खात्यात होते. वीज आणि ती निर्माण करणारा मजूर, दोघांचा विचार त्यांनी एकत्र केला. आज विजेचा विचार होतो, मजुराचा होत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कोणता बदल किरकोळ आणि कोणता गंभीर, हे कंपनीने नव्हे, मंडळाने ठरवावे. प्रत्येक मोठ्या बदलाचा सुरक्षा अहवाल मराठीसह स्थानिक भाषेत जाहीर व्हावा. तपासणीत कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी असावा. अधिकारी सांगतात म्हणून नव्हे, तपासून पाहूनच स्वीकारा, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे. अणुभट्टीच्या दाराशी ती विसरायची काय?