उलटीची गोळी मागताना एक वाक्य जास्त बोला

गेल्या महिन्यात बाह्यरुग्ण विभागात एक मुलगी आली, दोन महिन्यांची गरोदर. नवरा तारापूर एमआयडीसीत पाळीवर, भाड्याची खोली, शेजारच्या वाळवणीवर बोंबील. वास आला की भडभडून येतं, म्हणाली. पिशवीत मेडिकलमधून आणलेली पित्ताची कॅप्सूल, उलटीची गोळी आणि सासूने दिलेली मिश्री. आपण गरोदर आहोत हे तिने दुकानात सांगितलं नव्हतं आणि दुकानदारानेही विचारलं नव्हतं.

मिश्री आधी काढून घेतली. मळमळ थांबते म्हणून आपल्याकडे बायका सर्रास लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे, त्याने बाळाचं वजन कमी भरतं.

‘दिवस गेलेत, उलट्या व्हायच्याच’ हे अर्धंच खरं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, नवव्याच्या आसपास कळस, बहुतेकींना चौथ्या महिन्यात उतार पडतो. तोवर सोसत बसायची गरज नाही. अंथरुणातून उठण्याआधी मूठभर कुरमुरे किंवा सुका खाकरा, दर दोन तासांनी थोडं खाणं, आल्याचा तुकडा चघळणं, एवढ्यावर अनेकींचं भागतं. लोहाच्या गोळीनेही मळमळ वाढते. सरकारी कार्यक्रमात ती चौथ्या महिन्यापासून असते, पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड.

एवढ्याने भागलं नाही तर बी-6, किंवा डॉक्सिलामाइन आणि बी-6 यांची जोडगोळी. रात्री घ्यायची, कारण झोप येते. या गोळीची कथा सांगण्यासारखी आहे. 1957 मध्ये जर्मनीत विकायला आलेल्या थॅलिडोमाइडमुळे हातपाय नसलेली बाळं जन्मली आणि 1961 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. त्या धसक्यात अमेरिकेत या निर्दोष जोडगोळीवरही खटले गुदरले. कंपनीने 1983 मध्ये ती बंद केली. व्यंगाशी संबंध अभ्यासांत सापडला नाही, उलट्यांमुळे दाखल होणाऱ्या गरोदर बायका मात्र वाढल्या. 2013 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तीच जोडी पुन्हा मंजूर केली.

माझं भांडण ऑन्डान्सेट्रॉनशी आहे. काउंटरवर ‘उलटीची गोळी’ म्हटलं की बहुधा तीच हातात पडते. पहिल्या तीन महिन्यांत घेतल्यास टाळू दुभंगण्याचं प्रमाण दहा हजारांमागे सुमारे 3 ने वाढल्याचं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. धोका लहान आहे. घेतली असेल तर घाबरू नका. पण पहिली गोळी ती नसावी. पित्ताच्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा डोम्पेरिडोन असतं, तेही आपल्या मनाने नको. मेडिकलमध्ये शिरताच ‘मी गरोदर आहे’ एवढं सांगा. विचारणं खरं तर दुकानदाराचं काम, पण तोवर थांबू नका.

दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, तर घरगुती उपाय सोडून रुग्णालय गाठा. आणि एक: आठवडाभर पोटात काही न टिकलेल्या बाईला नुसती ग्लुकोजची सलाईन लावू नये. आधी बी-1 चं इंजेक्शन लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. ‘बी-1 दिलं का?’ असं डॉक्टरांना खुशाल विचारा. मला विचारलेलं मला आवडतं.