वानरांचेही नमुने घ्या

२०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातील आठ सिंह करोनाबाधित निघाल्यानंतर माकड-वानरांच्या तपासणीत चालढकल नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील सॅन दिएगोत जानेवारी २०२१ मध्ये खोकणाऱ्या गोरिलांच्या करोनाचे निदान विष्ठेच्या नमुन्यांवरून झाले. असे नमुने घेण्यासाठी भूल द्यावी लागत नाही.

खानदेशाने या तपासणीत बघ्याची भूमिका घेऊ नये. मंदिरात गर्दी झाली की पाटणादेवीच्या रानात अर्धे खाल्लेले केळे वानरापुढे धरणारे हात दिसतात. पिंजऱ्यातला प्राणी निदान वेगळा ठेवता येतो. रानातल्या मोकळ्या वानरटोळीचे विलगीकरण करणार कोण?

वनखात्याने जळगाव-धुळ्यातील वानरांच्या विष्ठेचे नमुने भोपाळच्या उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवावेत, आणि वानरांना खाऊ घालण्यावरील बंदी अमलात आणावी.